शटर बदलू, की सगळंच काढू?

माप घ्यायला जाते तेव्हा माझ्या पिशवीत टेप, वही, गुण्या, बॅटरी आणि एक टोच्या असतो. टेपबद्दल कुणाची तक्रार नसते. टोच्या बाहेर काढला की मात्र घरातली बाई पुढे सरसावते, ‘अहो ताई, हे कशाला?’ पुण्यात किचन बनवणाऱ्या एका वर्कशॉपसाठी मी घरोघरी जाऊन मापं घेते आणि एस्टिमेटं लिहिते. मी पोचते तेव्हा लोक दुकानात रंग पसंत करून आलेले असतात. कुणाला हस्तिदंती हवा असतो, कुणाला राखाडी. माझ्याकडून त्यांना फक्त निकाल हवा असतो: नुसती शटर्स बदलून भागेल, की सगळं काढून नवं करायचं? आणि तो मी चहा संपायच्या आत द्यावा, अशीही अपेक्षा असते.

मी आधी सिंकखालचं दार उघडते. तिथे फिनेल, घासण्या, रद्दी, पिशव्यांनी भरलेली एक पिशवी आणि कधीकाळी आणलेलं उंदरांचं औषध असतं. ते सगळं बाहेर काढायला लावते. बाई ओशाळतात, ‘आवरायचंच होतं हो.’ मला त्यांच्या आवरण्याशी काही घेणंदेणं नसतं. मला तळाची फळी बघायची असते. ओट्याचा बाकी सगळा भाग पाहुणे यायच्या आधी पुसून चकचकीत करता येतो, या फळीपर्यंत फडकं सहसा पोचत नाही.

कुठल्याही किचन कॅबिनेटचे दोन भाग असतात. एक खोका, म्हणजे दोन बाजू, तळ, पाठ आणि मधली फळी. आम्ही त्याला बॉक्स किंवा कारकस म्हणतो. दुसरा भाग त्याचं तोंड, म्हणजे शटर. दोन्ही जोडणाऱ्या बिजागऱ्या, ट्रॉल्यांचे चॅनल, हँडल हे सगळं हार्डवेअर. रोज नजरेला पडतं ते शटर, म्हणून त्याचा रंग उडाला की आपलं किचन जुनं झालं असं वाटायला लागतं. पण कुकर, तवे, पाच किलोचा तेलाचा कॅन आणि पिठाचा डबा यांचं वजन खोका पेलतो. शटर बदलणं म्हणजे खोका अजून बरीच वर्षं टिकेल यावर पैसे लावणं. खोका टिकणार नसेल तर ते पैसे गेले.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत अशा घरांत हल्ली ‘रिफेसिंग’ हा शब्द ऐकू येतो. न्यू जर्सीतला मुलगा व्हिडिओ कॉलवर आईला सांगतो, ‘अगं, सगळं काढू नकोस, इथे सगळे रिफेसिंग करतात.’ त्याचं खरं आहे, पण तिथली कॅबिनेटं वेगळ्या घडणीची असतात. तिथल्या बऱ्याच कॅबिनेटांना पुढून लाकडाची दीडेक इंच रुंद चौकट असते. त्या चौकटीवर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवतात, दारं नवी लावतात, आणि जुनं कपाट नव्यासारखं दिसतं. आपल्याकडच्या मॉड्युलर बॉक्सला अशी चौकटच नसते. शटर उघडलं की बोर्डाची अठरा मिलिमीटरची कड दिसते आणि तिच्यावर पीव्हीसीची पट्टी. त्यामुळे इथे रिफेसिंग करायचं तर शटर्स नवी, कडांच्या पट्ट्या नव्या, बाहेरून दिसणाऱ्या बाजूंवर नवे पॅनेल आणि खालचं स्कर्टिंग नवं. एवढंच काम.

जुन्या फ्लॅटांमधली गोष्ट आणखी निराळी. पुण्यात, ठाण्यात, नाशकात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या इमारतींत बिल्डरने दिलेला ओटा बहुतेक कडप्प्यावर उभा असतो. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यातला हा काळा चुनखडक. त्याच्या उभ्या फरश्यांचे खण केलेले असतात आणि वर कडप्पा किंवा ग्रॅनाइट. नंतर केव्हातरी घरात थोडे पैसे आले की या खणांमध्ये स्टीलच्या ट्रॉल्या बसतात आणि पुढे शटर्स येतात. ‘आम्ही ट्रॉल्या केल्या’ असं नातेवाइकांना कौतुकाने सांगितलं जायचं, ते हेच काम.

कर्वेनगरमधल्या एका घरात असा ओटा बघायला गेले होते. आधी येऊन गेलेल्या मिस्त्रीने काकूंना सांगितलं होतं, ‘सगळं तोडून मॉड्युलर करू, एकदम नवं दिसेल.’ सनमायका कडेला सुटला होता, एक शटर उघडताना वर उचलून धरावं लागत होतं, मसाल्याची ट्रॉली अर्ध्यावर अडकत होती. काकूंनी त्यावर उपाय म्हणून चॅनलला खोबरेल तेल लावलं होतं आणि त्या तेलावर पिठाची पूड बसून वर काळी लापशी झाली होती. मी बॅटरी घेऊन खाली बसले. कडप्प्याच्या उभ्या फरश्या एकूण एक शाबूत होत्या. कुठे तडा नाही, सांधे घट्ट. शटर्स ज्या लाकडी चौकटीवर बसवली होती तिच्यात मात्र खालच्या आडव्या पट्टीला टोच्या टेकवला आणि तो कौतुक वाटावं इतक्या सहज आत गेला. लादी धुताना उडणारं पाणी त्या पट्टीने वर्षानुवर्षं प्यायलं होतं.

तेवढ्यात काका फ्रिजवरचा लोहचुंबकाचा गणपती घेऊन आले. तो त्यांनी ट्रॉलीला लावून बघितला. चिकटला नाही. ‘बघा, अस्सल तीनशे चार!’ काकांचा हा विश्वास घरोघरी भेटतो, म्हणून सांगते. स्टेनलेस स्टीलचे ३०४ आणि २०२ हे दोन्ही प्रकार लोहचुंबकाला जवळजवळ दाद देत नाहीत. गणपती चिकटला असता तर फार तर एवढं कळलं असतं की हे क्रोम चढवलेलं लोखंड किंवा साधं हलकं स्टील आहे. ३०४ मध्ये निकेल साधारण आठ टक्के असतं, २०२ मध्ये त्याहून बरंच कमी आणि त्याची भरपाई मँगनीजने केलेली. पुण्याच्या कोरड्या हवेत २०२ निभावून जातं. मालवण-रत्नागिरीकडे किंवा मुंबईत समुद्राजवळ त्यावर तांबूस ठिपके लवकर येतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून बिलावर ग्रेडचा आकडा लिहून घ्यावा. नंतर वाद घालायला निदान कागद तरी हातात राहतो.

काकूंच्या घरी आम्ही कडप्प्याला हात लावला नाही. लाकडी चौकट काढली, तिच्या जागी ॲल्युमिनियमचं सेक्शन प्लग ठोकून बसवलं, शटर्स नवी केली, चॅनल सगळे बदलले. पांढऱ्या प्लास्टिक चाकांचे जुने चॅनल गेले आणि बॉल बेअरिंगचे टेलिस्कोपिक आले. ट्रॉल्यांच्या जाळ्या चांगल्या होत्या, त्या घासून पुन्हा वापरल्या. मिस्त्रीने सगळ्या नव्याचा जो आकडा सांगितला होता त्याच्या तिसऱ्या हिश्शात काम झालं. वर्कशॉपचे मालक माझ्यावर जरा नाराज झाले, पण काकूंच्या सोसायटीतून नंतर आणखी कामं आली, तेव्हा त्यांचा राग गेला.

कडप्प्याला वाळवी खात नाही. (वरून मातीची नळी बांधून ती पलीकडच्या लाकडापर्यंत जाते, ही गोष्ट वेगळी.) पाण्याने तो फुगत नाही. खण शाबूत असताना कडप्पा फोडून तिथे बोर्डाचे खोके आणणारा माणूस टिकाऊ वस्तू देऊन नाशवंत वस्तू घेतो, असं माझं स्पष्ट मत आहे. कडप्प्याचा त्रास एवढाच की खण एकसारखे नसतात. एक साडेअठरा इंचांचा, शेजारचा सतरा, तोही वर एक माप आणि खाली दुसरं. तयार ट्रॉल्या बसत नाहीत, प्रत्येक ट्रॉली मापावर करून घ्यावी लागते. फरशी एक इंच जाडीची, म्हणून खणागणिक थोडी जागाही जाते. हे पटत असेल तर कडप्पा ठेवावा.

मॉड्युलर खोक्यांकडे जरा जास्त संशयाने बघावं लागतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत बसवलेल्या पुष्कळ किचनमध्ये खोके पार्टिकल बोर्डाचे आहेत. लाकडाच्या चुऱ्यात डिंक घालून तो गरम दाबाखाली थापला आणि वर छापील कागद चढवला की पार्टिकल बोर्ड. कोरड्या जागी त्याला काही होत नाही. हॉलमधल्या टीव्हीच्या युनिटमध्ये तो सुखाने राहतो. सिंकखाली मात्र पाणी कडेच्या पट्टीतून आत शिरतं, दाबून बसवलेला चुरा मोकळा होऊन फुगतो आणि फळी पावसात राहिलेल्या बिस्किटासारखी होते. वाळली तरी ती पूर्वपदावर येत नाही. जाडी वाढलेली राहते आणि आतली पकड गेलेली असते. अशा बोर्डात स्क्रू फिरवला तर तो फिरतच राहतो.

तपासायला फार अक्कल लागत नाही, हे काम कुणीही घरी करू शकतं. सिंकखालची फळी रिकामी करा, बोटाने कडेवरून चाचपत जा. अठरा मिलिमीटरची फळी कुठे वीस-बावीस झालेली असेल तर बोटाला लगेच लागते. टोच्या नसेल तर जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि पाठीमागच्या कोपऱ्यात, पाइप जिथून भिंतीत शिरतो तिथे दाबा. प्लायवूड असेल तर बोटाच्या पेराने ठोकून बघा. घट्ट प्लायचा आवाज टणक येतो, थर सुटले असतील तर तो बद्द होतो. मग सिंक काठोकाठ भरा, खाली वर्तमानपत्र अंथरा आणि बूच एकदम काढा. धार एकदम गेली की बॉटल ट्रॅपचा सैल आटा लगेच उघडा पडतो. तो रोजच्या बारीक धारेत कळत नाही.

त्यानंतर बाथरूमला लागून असलेली भिंत बघायची. बाथरूमच्या फरशीचे सांधे गेले की ओल भिंतीतून इकडे येते आणि खोक्याची पाठ काळी पडते. पाठ सहसा सहा मिलिमीटरचीच असते, त्यामुळे ती आधी कुजते. मग वरची लटकती कपाटं. त्यांना पाणी लागत नाही, पण तिथे लोक काचेच्या बरण्या, पितळी डबे आणि कुणाच्या तरी लग्नात मिळालेला डिनर सेट कोंबतात. कपाट आणि भिंत यांच्यात वरच्या बाजूला फट दिसायला लागली असेल तर आधी ते रिकामं करा, निर्णय नंतर घ्या. शेवटी गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन. तो घरात नसेल तर टेपने खोक्याचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही आकडे सारखे आले म्हणजे खोका काटकोनात आहे. तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर नवी शटर्स कितीही महाग लावा, ती तिरकीच दिसणार.

खणात पिवळट बारीक पूड पडत असेल तर तो भुंगा आणि मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. दोन्ही बाबतींत आधी पेस्ट कंट्रोल करून घ्या. वाळवी एका खोक्यात दिसली म्हणजे ती शेजारच्यात असणारच असं नाही, पण बघायला मात्र हवं.

माझा सल्ला नेहमी खणागणिक असतो. ओट्याखाली सात खोके असतील आणि पाच ठणठणीत असतील तर दोनच बदलावेत. कुजतो तो बहुधा सिंकचा आणि त्याच्या शेजारचा. लोकांना वाटतं, असं अर्धवट कसं करायचं? पण शटर्स सगळीच नवी येणार असतील तर आतला कुठला खोका जुना आणि कुठला नवा हे बाहेरून कुणाला दिसणार? सिंकचा नवा खोका करताना प्लायवर कंजुषी करू नका. आयएस ७१० हा मरीन, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या प्लायचा आकडा. त्याच्या चाचणीत नमुना ७२ तास उकळवतात आणि तरी त्याचे थर सुटता कामा नयेत. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि ७१० हा आकडा असतो. शीट कापायच्या आधी तो बघा, कापल्यावर सगळ्या फळ्या सारख्याच दिसतात.

एक अडचण असते ती ग्रॅनाइटची. कडप्प्याच्या ओट्यात ग्रॅनाइट दगडावर टेकलेला असतो. बऱ्याच मॉड्युलर किचनमध्ये तो थेट खोक्यांवर असतो. मग एक खोका काढायचा तर शेजारी लाकडी टेकू देऊन ग्रॅनाइट तोलून धरावा लागतो, खोका पुढे ओढून काढायचा आणि नवा सरकवायचा. हाताखाली अनुभवी माणूस असेल तर एक-दोन खोक्यांचं हे काम निभतं. सगळेच खोके काढायचे म्हणजे ग्रॅनाइट उचलावाच लागणार, आणि उचलताना तो सिंकच्या किंवा शेगडीच्या कापाशी तडकतो. तिथे दगडाची पट्टी अरुंद राहिलेली असते.

सगळं नवं करण्याच्या खर्चाची खरी ओळख इथे होते. एस्टिमेटमध्ये फर्निचर लिहिलेलं असतं. पण ग्रॅनाइट उचलला की मागच्या टाइल्सची खालची ओळ जाते, तशा टाइल्स बाजारात उरलेल्या नसतात, म्हणून सगळी भिंत नवी. भिंत उघडली आहे तर नळाच्या जुन्या जीआय लाइनी बदलून घेऊ. मिक्सर आणि मायक्रोवेव्हसाठी दोन पॉइंट वाढवू. मग रंग. मग सोसायटीने मागितलेलं डिपॉझिट आणि राडारोडा न्यायचं टेम्पोभाडं. दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद, म्हणून कामाचे दिवस वाढतात. आणि इतके दिवस जेवण कुठे? हे आकडे मी अलीकडे एस्टिमेटच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून देते. ते बघून अर्धे लोक शटर्सवर येतात.

उलट बाजूचा मोहही सांगायला हवा. ‘शटर्सच तर बदलतोय, मग जरा चांगली घेऊ’ म्हणत लोक चकचकीत ॲक्रिलिक, सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या आणि बंद पेटीच्या आकाराचे महागडे ड्रॉवर निवडतात. तेव्हा नुसत्या तोंडाचा खर्च नव्या किचनच्या दोन तृतीयांशाला भिडतो. खोके जर पार्टिकल बोर्डाचे आणि बारा-पंधरा वर्षं वापरलेले असतील तर हा व्यवहार मी कुणालाही करू देत नाही. जड शटर आणि झटक्याने बंद होणारा भरलेला ड्रॉवर यांचा सगळा ताण त्या थकलेल्या बोर्डातल्या स्क्रूंवर येतो. खोका बेताचा तर शटरही बेताचं आणि हलकं घ्यावं.

दोन एस्टिमेटं हातात आली की चौरस फुटाचा भाव बघून निवड करू नका. दहा फूट लांब आणि अडीच फूट उंच ओट्याचं तोंड मोजलं तर ते २५ चौरस फूट भरतं. त्याच ओट्यातल्या बाजू, तळ, पाठी, फळ्या आणि शटर्स सुट्या मोजल्या तर आकडा शंभराच्या वर जातो. एकजण पहिल्या पद्धतीने मोजतो, दुसरा दुसऱ्या. दुसऱ्याचा भाव ऐकायला स्वस्त वाटतो आणि बिल मोठं येतं. मोजणी कशाची, हे आधी विचारा.

आता शटर्स. ‘जुन्याच शटरवर नवा सनमायका चिकटवून द्या ना’, असं बरेच जण म्हणतात. होतं तसं. जुना पृष्ठभाग घासून खरखरीत करायचा आणि वर नवा लावायचा. पण स्वयंपाकघरातल्या शटरवर वर्षांच्या फोडण्यांचा थर असतो. तो नीट निघाला नाही तर उन्हाळ्यात सनमायकाला फुगे येतात. शिवाय एका बाजूला जादा थर चढला की शटरचा तोल बिघडतो आणि ते हळूहळू धनुष्याकार वाकतं. दोन्ही बाजूंना लावायचा म्हटलं तर जाडी वाढते, दोन शटर्समधली दोन-तीन मिलिमीटरची फट आणखी कमी होते आणि ती एकमेकांना घासतात. एवढी मजुरी देऊन जुनंच शटर जड करून घेण्यापेक्षा नवं करावं. ऑनलाइन मिळणारा चिकट कागद भाड्याच्या घरात, तोही वरच्या कपाटांवर, चालवून घ्यावा.

कुठलं मटेरियल, यावर दुकानात तासन्‌तास बोलणारे मिळतील, मी थोडक्यात सांगते. प्लायवर एक मिलिमीटरचा सनमायका बाहेरून आणि आतूनही लावलेलं शटर सगळ्यांत कमी कुरकुर करतं. एचडीएचएमआर हा घट्ट बोर्ड शटर्ससाठी चांगला आहे आणि साध्या एमडीएफपेक्षा ओल बरी सोसतो. मेम्ब्रेनचं शटर, म्हणजे एमडीएफवर पीव्हीसीचा पडदा, नक्षीमुळे छान दिसतं, पण शेगडी आणि ओव्हनच्या शेजारी उष्णतेने तो पडदा कडेला सुटतो. ॲक्रिलिक आरशासारखं चमकतं आणि स्कॉचब्राइटने पुसलं की त्यावर ओरखडे दिसतात. घरी कामाला येणारी मावशी कशाने पुसते ते आधी बघा आणि मग ॲक्रिलिकचा विचार करा.

नवी शटर्स जुन्या खोक्यावर बसवताना जी कटकट होते ती बिजागरीपाशी. बिजागरीच्या वाटीचं भोक ३५ मिलिमीटरचं, ते बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. पण बिजागरीची मान वेगवेगळी असते. मिस्त्री त्यांना झिरो, आठ आणि सोळा क्रँक म्हणतात. शटर खोक्याची कड पूर्ण झाकतं, अर्धी झाकतं, की आत बसतं, त्यावर कुठली लागेल हे ठरतं. मधल्या उभ्या पार्टिशनवर दोन्ही बाजूंनी शटर्स येत असतील तर आठ लागते, तिथे चुकून झिरो आली की दोन शटर्स एकमेकांवर चढतात. प्रत्येक जागची जुनी बिजागरी काढून नमुना म्हणून दुकानात न्या. आणि खोक्यातल्या ढिल्या भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबून स्क्रू आवळणारा मिस्त्री दिसला तर त्याला थांबवा. बिजागरीची प्लेट इंचभर वर किंवा खाली सरकवून नव्या, घट्ट जागी स्क्रू घ्यायला सांगा. शटर्स अजून व्हायची असतील तर हे सहज जमतं, कारण वाटीचं भोकही त्याच मापाने पाडता येतं.

काही घरांत मी स्वतःहून सांगते की सगळं काढा, खोके चांगले असले तरी. ओट्याची उंचीच चुकलेली असेल तर शटरने काय होणार? जुने ओटे जमिनीपासून सुमारे ३२ इंचांवर असतात. पाच फूट सात इंचांची सून त्यावर रोज वाकून पोळ्या लाटते आणि तिची पाठ बोलते. कोपर काटकोनात धरून, त्याच्या चारेक इंच खाली ओटा यावा, म्हणजे खांदे वर उचलावे लागत नाहीत आणि कंबरही वाकत नाही. दुसरं कारण भांडी घासायचं मशीन. ते साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ८५ सेंटिमीटर उंच असतं. ३२ इंच म्हणजे ८१ सेंटिमीटर, त्यातून ग्रॅनाइटची जाडी वजा करा. जुन्या ओट्याखाली ते जात नाही. मशीन घ्यायचंच असेल तर ओटा उंचवा किंवा कोरड्या बाल्कनीत जागा करा.

कुठलंही काम करा, गॅसकडे मात्र लक्ष हवं. सिलिंडर ओट्याखाली असेल तर त्या खणाला खालच्या बाजूला जाळी किंवा झडपा हव्यातच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळाला तर तळाशी साचतो. नव्या गुळगुळीत शटरच्या नादात ही जाळी बुजवलेली मी पाहिली आहे आणि परत उघडायला लावली आहे. पाइपचा गॅस आला असेल तर तो खण मोकळा होतो, तिथे मोठा ड्रॉवर करता येतो. पण तो गॅस हवेपेक्षा हलका, म्हणून वारा वरून जायला हवा. गॅसची पाइप चार इंच सरकवायची असली तरी कंपनीचाच माणूस बोलवा. सुताराने त्या पाइपला हात लावायचा नाही.

शटर्सच्या कामात एक मोठी सोय आहे. माप दिल्यापासून दोन-तीन आठवडे ती वर्कशॉपमध्ये तयार होत असतात आणि घरात स्वयंपाक चालू राहतो. बसवायला एक-दोन दिवस. सगळं नवं करताना मात्र किचन किमान पंधरवडाभर बंद धरा. दिवाळी तोंडावर आली की सगळ्यांनाच ‘फराळाच्या आधी’ हवं असतं. त्या घाईत पट्ट्यांचा गोंद नीट धरायच्या आत शटर्स बाहेर पडतात. आमच्याकडून, सगळ्यांकडूनच. सांगायचं तर गणपतीच्या आधी सांगा, नाहीतर मग संक्रांतीनंतर.

पैसे देताना थोडी रक्कम हातात ठेवा आणि पंधरा-वीस दिवसांनी द्या. नव्या बिजागऱ्या वापरात थोड्या बसतात, शटर्स एक-दोन मिलिमीटर खाली-वर होतात आणि मिस्त्रीला एकदा यावंच लागतं. प्रत्येक बिजागरीवर शटर डावी-उजवीकडे, आत-बाहेर आणि वर-खाली हलवणारे स्क्रू असतात. कुठला कशाचा, हे तो जायच्या आधी त्याच्याकडून शिकून घ्या. पुढच्या वेळी नुसत्या दोन फेऱ्या फिरवायला त्याला बोलवायला नको.